केळापूरच्या शाळेतून पलीकडे
(शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्यावरून पुढे जातो. पांढरकवड्यालगत केळापूर हे गाव आहे. जगदंबेच्या देवस्थानामुळे ते पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. याच केळापुरात शासकीय विद्यानिकेतन ही निवासी शाळा आहे. ग्रामीण भागातील बुद्धिमान मुले परीक्षेने निवडावीत आणि त्यांच्या राहण्याशिकण्याची सोय शासनाने करावी, या हेतूने राज्यात जी मोजकी विद्यानिकेतने निघाली, त्यांपैकी हे एक होय. आजच्या विषयाचा आरंभ या शाळेतून करणे उचित ठरेल.

गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचे आदिवासी खेडे आहे. तेथील भास्कर हलामी यांची जीवनकथा २०२२ साली देशभरच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. त्यांच्या बालपणी पावसाळ्याचे पहिले महिने या घराला फार जड जात. तुकडाभर शेतात पीक उभे राहिलेले नसे आणि हाताला कामही नसे. मोहाची फुले शिजवून खायची, रानातील तांदळाचे पीठ पाण्यात शिजवून त्याची आंबील प्यायची, असे ते दिवस होते. पुढे वडिलांना शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेले. तेथील आश्रमशाळेत भास्कर चौथीपर्यंत शिकले. शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ते केळापूरच्या विद्यानिकेतनात आले आणि दहावीपर्यंत तेथेच राहिले. त्यानंतर गडचिरोलीच्या महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी आणि नागपूरच्या विज्ञान संस्थेतून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली. २००३ साली नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत त्यांची सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. लोकसेवा आयोगाची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. परंतु संशोधनाची ओढ प्रबळ ठरली. अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्याविषयीचे वृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा ते मेरीलँड राज्यातील एका औषधनिर्मिती कंपनीत ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणून आरएनए या जैवरेणूवर आधारित औषधांचे संशोधन करीत होते. चिरचाडीचे ते पहिले विज्ञान पदवीधर आणि पहिले डॉक्टरेटधारक होत.

ही कथा ऐकून टाळ्या वाजविणे सोपे आहे. शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने ती जरा निराळ्या दृष्टीने वाचावी. हा मुलगा कोणत्या क्षणी हरवू शकला असता, असा प्रश्न मनाशी विचारून ती वाचावी. चौथीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरला गेला नसता तर? केळापूरला पाठविण्यास घरच्यांचे मन धजले नसते तर? दहावीनंतर विज्ञान शाखा खर्चाची म्हणून टाळली असती तर? यांपैकी एक जरी गोष्ट घडली असती, तरी मिशिगनचे विद्यापीठ या मुलाच्या वाटेवर कधीच आले नसते. विमानाचे तिकीट हा या प्रवासाचा अखेरचा आणि तुलनेने लहान भाग आहे. खरा प्रवास कसनसूर ते केळापूर, केळापूर ते गडचिरोली, गडचिरोली ते नागपूर असा गावोगावच्या वर्गखोल्यांतून झाला. आणि या टप्प्यांवर ज्यांनी हात दिला, त्या आश्रमशाळा, शासकीय विद्यानिकेतन आणि विज्ञान संस्था लोकांच्याच पैशावर उभ्या आहेत.

जुनी परंपरा

वऱ्हाड-नागपूर प्रांताला हा मार्ग नवा नाही. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा येथे जन्मलेले पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत गेले. मनात देशस्वातंत्र्याची आग आणि हातात शेतीशास्त्राचे पुस्तक, अशी त्यांची अवस्था होती. मोलमजुरी करीत त्यांनी ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले. गदर चळवळीत उडी घेतल्यामुळे मायदेशाचे दरवाजे बंद झाले. तेव्हा मेक्सिकोतील चापिंगोच्या कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर ते परतले. १९६७ साली नागपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांपर्यंत, असे तिचे स्वरूप होते. त्यापूर्वी त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतली होती. ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. हलामी परदेशी गेले तेव्हा तेही पदव्युत्तर शिक्षण पुरे करून नोकरीत स्थिरावलेले होते. दोघांच्या काळात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे, विषयही निराळे आहेत. परंतु दोघांचीही वाट आधी येथल्या शिक्षणाची पायाभरणी आणि मग सागरोल्लंघन अशीच होती.

दोन दरवाजे

परदेशातील विद्यापीठाला दोन दरवाजे असतात. एक बारावीनंतर उघडतो, दुसरा पदवीनंतर. या दोहोंतील फरक पालकांना स्पष्टपणे सांगणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे. कारण येथे होणारी गफलत घराला महागात पडते.

बारावीनंतरच्या दरवाजाची हकिकत अशी. अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठांत शुल्क, निवास आणि भोजन मिळून वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरांहून अधिक होतो. कोरडवाहू शेती असणाऱ्या कुटुंबाने हा आकडा केवळ ऐकावा. याला काही थोर अपवाद आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी ही विद्यापीठे प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याचीही आर्थिक स्थिती आड येऊ देत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर कुटुंबाला न झेपणारा भार स्वतः उचलतात. मात्र तेथे शंभर अर्जदारांतून जेमतेम चार-पाच निवडले जातात आणि परदेशी अर्जदारांची संधी त्याहूनही कमी असते. एमआयटीने २०२२ साली सॅट ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली. ज्या मुलाची गणित-विज्ञानातील झेप खरोखर असामान्य आहे, त्याने अर्ज अवश्य करावा. परंतु घराचे सारे भवितव्य त्या एका अर्जावर टांगू नये.

जर्मनीची गोष्ट निराळी आहे. तेथील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रास दीड हजार युरो शुल्क लावले आहे. शुल्क नसले तरी राहण्याखाण्याचा खर्च असतो. तो झेपेल याची हमी म्हणून वर्षाची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवावी लागते. २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो होती. शिवाय आपल्याकडील बारावीच्या गुणपत्रकावर थेट प्रवेश मिळत नाही. भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे निदान एक वर्ष यशस्वीपणे पुरे केलेले असावे, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे, अशी तेथील अपेक्षा असते. पदवीचे अध्यापनही मुख्यतः जर्मन भाषेत चालते.

आता दुसरा दरवाजा पाहू. अमेरिकेतील विज्ञान शाखांत डॉक्टरेटसाठी प्रवेश मिळाला की बहुधा शिक्षणशुल्क माफ होते. प्रयोगशाळेतील संशोधनसाहाय्य किंवा कनिष्ठ वर्गांचे अध्यापन यांच्या मोबदल्यात निर्वाहवेतनही मिळते. म्हणजे त्या टप्प्यावर विद्यापीठ विद्यार्थ्याला शिकविते आणि पोसतेही. येथे बापाच्या सातबाऱ्याची चौकशी होत नाही. चौकशी होते ती त्याने काय वाचले, काय करून पाहिले आणि त्याच्याविषयी त्याचे अध्यापक काय लिहितात, याची.

शासनाच्या शिष्यवृत्त्याही मुख्यतः याच दरवाजाशी उभ्या आहेत. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या या योजनेत अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींसाठी वर्षाला १२५ जागा असून त्यांपैकी ३० टक्के मुलींसाठी राखीव आहेत. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास मंत्रालयाची निराळी योजना आहे. तिच्या २० जागांपैकी ३ विशेष दुर्बल आदिम जमातींसाठी आहेत. महाराष्ट्रात अशा जमाती तीन आहेत. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलाम समाजाचे पोड केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतून पसरलेले आहेत. देशातील त्या तीन जागांवर ज्यांचा हक्क पोहोचतो, अशी मुले याच जिल्ह्याच्या पोडांवर आज बाराखडी गिरवीत आहेत. हे त्यांच्या शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे.

राज्य शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावे परदेश शिष्यवृत्ती ठेवली आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी २०१८ पासून योजना आहे. मराठा व कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेमार्फत शिष्यवृत्ती दिली जाते. वयोमर्यादा, उत्पन्नमर्यादा आणि विद्यापीठाची जागतिक क्रमवारी यांविषयीच्या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात मुळातून वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये. मात्र एक गोष्ट या सर्व योजनांत समान आहे. त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी आहेत. बारावीनंतर लगेच जाणाऱ्यास त्यांचा आधार नाही.

म्हणून बारावीनंतर लगेच परदेशी पाठवितो असे सांगणारा दलाल दारी आला, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. विद्यापीठाचे नेमके नाव काय, आणि पदवी पुरी होईपर्यंतचा एकूण खर्च कोण सोसणार? विद्यापीठाचे प्रवेशाचे पत्र विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे येते आणि त्याची खातरजमा थेट विद्यापीठाकडे करता येते. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत शेत गहाण टाकू नये.

तेरा ते अठरा : या वर्षांत काय करावे

दरवाजा पदवीनंतर उघडणार असेल, तर शाळेतल्या मुलाला आताच तयारी कशाची, असे कोणी विचारील. उत्तर असे की, त्या दरवाजापर्यंत पोहोचण्याची शक्ती तेरा ते अठरा या वर्षांतच येते, आणि गळतीही याच वर्षांत होते.

पहिली गोष्ट पैशाची. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. विज्ञान शाखेचे पुस्तक, एसटीचा पास आणि वसतिगृहाचा किरकोळ खर्च यांतून निघतो. राज्य शिष्यवृत्ती परीक्षा आहे. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदय विद्यालयाची परीक्षा आहे. देशातील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक शेजारच्या अमरावती जिल्ह्यात निघाले, याचा या भागाला अभिमान असावा. या परीक्षांचे अर्ज मुदतीत भरणे हे काम दिसायला कारकुनी आहे. परंतु हलामींची वाट अशाच एका परीक्षेने उघडली.

दुसरी गोष्ट गणिताची. अकरावीत वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने अनेक मुले गणित सोडून देतात. वैद्यकीय प्रवेश न मिळाल्यास त्यांना भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र यांची बहुतेक दारे बंद झालेली आढळतात. आज जीवशास्त्राच्या संशोधनालाही गणित लागते. ज्या मुलाला विज्ञानात पुढे जायचे आहे, त्याला गणित सोडू देऊ नये. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेता येतात, हे त्याला अकरावीच्या प्रवेशाआधी सांगावे.

तिसरी गोष्ट हाताने करून पाहण्याची. परदेशी विद्यापीठे अर्जदाराकडून स्वतःविषयी निबंध मागतात. तेथे टक्केवारीचे फारसे चालत नाही. या मुलाला कोणता प्रश्न पडला आणि त्याने त्याचे काय केले, हे तेथे वाचले जाते. यवतमाळ जिल्ह्यात प्रश्नांचा तुटवडा नाही. जिल्ह्याच्या काही गावांतील विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळते. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, वडीलधाऱ्यांचे सांधे आखडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. गावातील प्रत्येक हातपंपाचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासून घ्यावे, विहिरीची खोली आणि खडकाचा प्रकार लिहून ठेवावा, उघड्या विहिरीच्या पाण्याशी त्याची तुलना करावी. नववीतील मुलगी हे सारे करू शकते. पाण्याची तपासणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होते, नोंदी तिच्या वहीत राहतात. दोन वर्षांच्या अशा नोंदी जवळ असल्या, तर निबंधात काय लिहावे हा प्रश्न तिला पडणार नाही. गावालाही कोणत्या पंपाचे पाणी पिऊ नये हे कळेल.

कापसावरील फवारणीचा प्रश्न असाच आहे. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातील वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर प्राणांस मुकले. कोणते औषध कशात मिसळले जाते, वारा कोणत्या दिशेला असताना फवारणी होते, तोंडाला काय बांधले जाते, डब्यावरील सूचना कोणाला वाचता येतात, हे प्रश्न रसायनशास्त्राचे आहेत आणि घरच्या माणसांच्या जिवाचेही आहेत. मात्र विद्यार्थ्याने औषधाला हात न लावता, केवळ निरीक्षण आणि विचारपूस करून त्यांचा अभ्यास करावा, हे पथ्य शिक्षकाने कटाक्षाने पाळावे. अशा कल्पनांसाठी केंद्र शासनाची इन्स्पायर-मानक योजना आहे. निवडलेल्या कल्पनेला प्रतिकृती तयार करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. शाळेच्या वतीने कल्पना सुचविण्याचे काम मुख्याध्यापकांचे आहे.

चौथी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमात शिकल्याने विज्ञान कच्चे राहते, हा समज चुकीचा आहे. मातृभाषेत संकल्पना पक्की बसते. अडचण येते ती बारावीनंतर, सारी पुस्तके एकदम इंग्रजीत समोर आल्यावर. त्यावर साधा उपाय आहे. आठवीपासून विज्ञानाच्या तासाला रोज पाच पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहावेत. आठवड्यातून एकदा केलेल्या प्रयोगाचे वर्णन मुलाने दहा सोप्या इंग्रजी वाक्यांत करावे. चार वर्षांत त्याची लेखणी चालू लागेल. आयेल्ट्स किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात. त्यामुळे त्यांची घाई शालेय वयात करण्याचे कारण नाही. भाषेची मात्र आहे.

पाचवी गोष्ट पदवीच्या वर्षांची. बारावीत मंडळाच्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्यास इन्स्पायर योजनेतून वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. पुण्याच्या आयसरसारख्या संस्था आहेत. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत नामांकित प्रयोगशाळांत काम करण्याची संधी देतात. अमरावती विद्यापीठाच्या कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थी तेथे अर्ज करू शकतो. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठी अनेक ठिकाणी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. तीन वर्षांची पदवी असल्यास येथे एम.एस्सी. करून किंवा नव्या धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेऊन ही अट पुरी होते.

शिफारसपत्र आणि कागदपत्रे

परदेशी अर्जासोबत बहुधा दोन-तीन अध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. आपल्याकडे दाखला लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे. सदर विद्यार्थी होतकरू असून त्याची वर्तणूक चांगली आहे, त्यास उज्ज्वल भवितव्य चिंतितो, इतके लिहून सही-शिक्का केला जातो. असे पत्र वाचणाऱ्यास काहीही सांगत नाही. या मुलीने कोणता प्रयोग फसल्यावर तो पुन्हा केला, वर्गात कोणता प्रश्न विचारून शिक्षकाला निरुत्तर केले, घरी कोणते काम उरकून ती शाळेत येते, हे लिहावे. त्यासाठी शिक्षकाने नववीपासूनच अशा मुलांची एक वही ठेवावी आणि घडले त्याच दिवशी दोन ओळी टिपाव्यात. पुढे महाविद्यालयाच्या अध्यापकांनाही ही वही उपयोगी पडेल.

कागदपत्रांविषयी बोलताना पंचायत सदस्यांचे विशेष लक्ष हवे. जन्माच्या नोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यात दुसरे, आधारपत्रावर तिसरे स्पेलिंग, असा प्रकार गावोगावी आढळतो. नावातील एका अक्षरापायी पारपत्र अडते आणि पारपत्रापायी प्रवेशाची मुदत टळते. ही दुरुस्ती दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी करणे सर्वांत सोपे असते. त्यानंतर मंडळाच्या प्रमाणपत्रावर तेच नाव कायमचे छापले जाते. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच दाखल करावा. पांढरकवडा आणि पुसद येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत. पारपत्राचे काम नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येते. ग्रामपंचायतीने वर्षातून एक दिवस नेमून आठवी-नववीच्या मुलांची कागदपत्रे एकत्र पडताळून पाहिली, तर पुढचे कित्येक हेलपाटे वाचतील.

मार्गदर्शनही आता फार दूर राहिलेले नाही. राजू केंद्रे यांनी यवतमाळमधून उभ्या केलेल्या एकलव्य संस्थेने शिक्षणात पहिलेच पाऊल टाकणाऱ्या कुटुंबांतील मुलांना उच्च शिक्षण आणि परदेशी शिष्यवृत्त्या यांसाठी मार्गदर्शन केले आहे. केंद्रे स्वतः ग्रामीण भागातून येऊन ब्रिटिश शासनाच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. जे या वाटेने गेले आहेत, त्यांना मागून येणाऱ्यांसाठी बोलावणे, हा मार्गदर्शनाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा प्रकार आहे.

गावाला काय मिळणार?

शेवटी एक शंका. ती पंचायतीच्या ओट्यावर उघडपणे विचारली जाते आणि तिचे उत्तर टाळणे योग्य नाही. मूल शिकून सातासमुद्रापलीकडे जाणार असेल, तर गावाने त्याच्यासाठी खपावे कशाला? गावाला काय मिळणार?

शंका खोटी नाही. गेलेले सारे परत येत नाहीत. परतण्याची सक्ती करूनही मन परतत नसते. परंतु उत्तराला दोन बाजू आहेत. हलामी मायदेशी आले की गडचिरोलीच्या शाळांत, आश्रमशाळांत आणि महाविद्यालयांत जाऊन मुलांशी बोलतात. आंबील पिऊन वाढलेला माणूस वर्गात उभा राहून आपल्याच बोलीत रेणूंची गोष्ट सांगतो, तेव्हा त्या मुलांच्या मनात काय होत असेल, याचा हिशेब जमाखर्चाच्या वहीत मांडता येत नाही.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. वर सांगितलेल्या तयारीत असे काहीही नाही की, जे मूल परदेशी न गेल्यास वाया जाईल. शंभर मुलांची अशी तयारी केली, तर परदेशी जाणारे कदाचित एक असेल. उरलेल्या नव्याण्णवांचे गणित सुटलेले नसेल, भाषा घडलेली असेल, कागदपत्रे नीट असतील. गावाच्या हातपंपाचे पाणी तपासलेले असेल. त्यांतील कोणी नागपुरात शिकेल, कोणी पुण्यात, कोणी याच जिल्ह्यात शिक्षक होऊन पुढच्या मुलांची वही ठेवील. एकाच्या निमित्ताने शंभरांची शाळा सुधारेल.

मुलींच्या बाबतीत याचे महत्त्व दुप्पट आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ साली पदवी घेऊन परतल्या. इतका काळ लोटल्यावरही तालुक्याच्या गावी वसतिगृहात ठेवायचे म्हटले की मुलीचे विज्ञान दहावीला थांबते. तिच्या आईवडिलांना समजाविण्यासाठी शिक्षिकेने आणि महिला सदस्याने एक संध्याकाळ त्यांच्या अंगणात जाऊन बसावे. वसतिगृह कोठे आहे, तेथे कोण असते, खर्च किती येतो, हे सांगावे. भीतीचे कारण बहुधा माहितीचा अभाव हेच असते.

शाळा जूनअखेर सुरू होतात. पावसाळ्याचे ते पहिले महिने कोरडवाहू घराला आजही जड जातात आणि मुलांची हजेरीही तेव्हाच रोडावते. त्याच सुमारास प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेतील विज्ञानाची ओढ असणाऱ्या चार-पाच मुलामुलींची नावे काढावीत, ती ग्रामपंचायतीला कळवावीत आणि त्यांच्यापैकी कोणाचा शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज राहिला आहे, हे पाहावे. कसनसूरच्या आश्रमशाळेतील मुलगा केळापूरला पोहोचला, तो अशाच एका परीक्षेमुळे.